पॅलेस्टिनी तरुणांचा धंद्याचा इरादा आणि स्वभाव : प्रश्नावली कशी बांधावी? (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कोष्टक

नमस्कार मंडळी. वेस्ट बँकेतल्या चार विद्यापीठांतल्या (नाब्लसचं अन-नजाह, बीरझेत, हेब्रॉन, बेथलेहेम) शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण आखायचं आहे. प्रश्न साधा आहे. स्वतःचा व्यवसाय काढायची इच्छा कोणाला जास्त असते, आणि त्यात स्वभावाचा वाटा किती?

कच्चा आराखडा असा: बिग फाइव्हसाठी (स्वभावाचे पाच मुख्य गुण: नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता) ४४ विधानांची प्रश्नावली, 'आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असं वाटतं का' हे मोजायला रॉटरची १९६६ची जुनी मापनपट्टी, जोखमीच्या ओढीची सहा विधानं, आणि शेवटी उद्योजकीय इराद्याची सहा विधानांची नेहमीची ७ गुणांची पट्टी. सगळं एका बैठकीत, वर्गातच. ३०० अर्ज. मग रिग्रेशन (कोणत्या गुणाचा इराद्याशी किती संबंध, याचं गणित).

अरबी भाषांतर तिथले सहकारी करणार आहेत. हे एवढं पुरेल का? चुकलं तर नेमकं कुठे चुकेल? गाझाही घ्यावं अशी सूचना आली आहे, त्यावरही मत हवं आहे.

---

मापनपट्टी

बाकी सगळं दुरुस्त करता येईल, पण रॉटर आधी काढा.

त्या पट्टीत २९ जोड्या आहेत, पैकी सहा नुसत्या भरतीच्या. उरलेल्या २३मध्ये काही जोड्या राजकारण आणि जगाच्या कारभाराबद्दल आहेत. एका जोडीचा आशय असा: सामान्य नागरिक सरकारच्या निर्णयांवर प्रभाव पाडू शकतो, की कारभार मूठभर सत्ताधाऱ्यांच्या हातात असतो? आता नाब्लसच्या २२ वर्षांच्या मुलीला हे विचारा. पॅलेस्टिनी अध्यक्षपदाची शेवटची निवडणूक २००५ची आणि विधिमंडळाची २००६ची, म्हणजे तिच्या आयुष्यात राष्ट्रीय पातळीवर मत द्यायची वेळच आलेली नाही. तिने 'मूठभरांच्या हातात' यावर खूण केली तर तिने वस्तुस्थिती सांगितली. पट्टी मात्र तिला 'बाह्य नियंत्रणाची' ठरवून मोकळी होते. पुढे अशांचा इरादा कमी निघाला की निष्कर्ष तयार: पॅलेस्टिनी तरुण दैववादी, म्हणून धंद्यात मागे. सगळी गफलत मोजमापाची, आणि ठपका स्वभावावर.

त्याऐवजी लेव्हेन्सनची तीन भागांची पट्टी घ्या: स्वतः, बलवान इतर, आणि योगायोग. प्रत्येकी आठ विधानं. तीही जशीच्या तशी चालणार नाही, कारण 'बलवान इतर' म्हणजे तिथे एकच कोणी नाही. घरातले वडीलधारे, वासता चालवणारा अधिकारी (वासता म्हणजे ओळखपाळख, वशिला) आणि तपासणी नाक्यावरचा इस्रायली सैनिक या तीन वेगळ्या ताकदी आहेत. वडिलांचं मन वळवता येतं. वशिला लावता येतो, निदान ज्याला लावता येतो त्याला. नाका बंद असला की बंद. तिन्हींचा एकच गुणांक काढलात तर त्यातून काही कळणार नाही.

शिवाय नियंत्रणाची विधानं धंद्याच्या टप्प्यांवर तोडा. 'माझ्या व्यवसायाचं यश माझ्यावर अवलंबून आहे' असं एक ढोबळ विधान ठेवू नका. चपलांच्या कारखान्याचं उदाहरण घ्या, हेब्रॉनमध्ये हा जुना उद्योग आहे. तीन विधानं करा. माल चांगला आणि ठरल्या दिवशी तयार करणं माझ्या हातात आहे. तो रामल्लाच्या दुकानात ठरल्या दिवशी पोचवणं माझ्या हातात आहे. विकलेल्या मालाचे पैसे वसूल करणं माझ्या हातात आहे. पहिल्यावर ६ किंवा ७ देणारा मुलगा दुसऱ्यावर २ देईल, आणि त्याचं बरोबरच असेल. दक्षिणेकडच्या हेब्रॉनहून रामल्लाला जायचं तर पॅलेस्टिनी गाडीला जेरुसलेममधून वाट नाही. वादी अल-नारच्या वळणांनी जावं लागतं, आणि त्या वाटेवरचा नाका कधी अडेल याचा नेम नाही.

स्वभाव शोधायचा तो पहिल्या विधानात. दुसरं परिस्थिती मोजतं. तिसऱ्यात दोन्ही मिसळलेलं आहे. तुमच्या आराखड्यात या तिघांची बेरीज होणार होती.

---

शब्दवेल्हाळ

भाषांतराबद्दल. 'सहकारी करतील' एवढ्यावर सोडू नका. या विषयात अरबी शब्द बदलला की उत्तर बदलतं.

पहिला शब्द उद्योजकतेचाच. औपचारिक अरबीत रियादत अल-आमाल. हा शब्द कार्यशाळांमधून, देणगीदारांच्या प्रकल्पांमधून आलेला. तो ऐकला की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे अॅप, सादरीकरण, परीक्षक आणि बक्षिसाचा मोठा धनादेश येतो. साध्या बोलण्यात माणूस 'मश्रू खास' म्हणतो, म्हणजे स्वतःचा प्रकल्प. त्यात कोंबड्यांची शेडही येते, मोबाइल दुरुस्तीचा गाळाही येतो आणि घरून विकलेला केकही. इराद्याची विधानं पहिल्या शब्दात घातलीत तर मोकळ्या, बहिर्मुख, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे गुण वर जातील, आणि बापाचं दुकान वाढवायला निघालेला नेटका, अबोल मुलगा 'इरादा नाही' या रकान्यात पडेल. बहिर्मुखतेचा परिणाम मोठा दिसेल खरा, पण तो शब्दाने तयार केलेला. मश्रू खास वापरा, आणि वरच्या सूचनेत दोन-तीन साधी उदाहरणं द्या.

दुसरा शब्द जोखमीचा. तीन पर्याय समोर येतील. मुखातरा म्हणजे जोखीम, बऱ्यापैकी तटस्थ. मुगामरा म्हणजे साहस, थोडं सिनेमातलं. मुजाझफा म्हणजे आततायीपणा, उडी टाकून मोकळं होणं. एकाच इंग्रजी विधानाची तीन भाषांतरं तीन वेगळ्या सरासऱ्या देतील. शिवाय 'मी जोखीम घेतो' या वाक्याला तिथे पैशाखेरीज दुसराही अर्थ चिकटतो, जिवाच्या जोखमीचा. म्हणून रक्कम घालूनच विचारा: पाच हजार शेकेल साठलेत, सहा महिन्यांत दुप्पट होतील किंवा निम्मे बुडतील, लावाल का? (शेकेल हे तिथलं चलन. किमान वेतन २०२२पासून महिना १,८८० शेकेल आहे, त्या मानाने रक्कम ठरवा.)

तिसरी अडचण बिग फाइव्हमधल्या उलट्या विधानांची, म्हणजे होकार दिला की त्या गुणाचा आकडा कमी होतो अशा विधानांची. 'मी अबोल, राखून वागणारा आहे' यासाठी मुतहफ्फिझ हा शब्द येईल. त्याच धातूतून आलेला मुहाफिझ म्हणजे परंपरा जपणारा. दोन्हींना चांगल्या वळणाचा वास आहे, मुलींच्या बाबतीत तर जास्तच. अंतर्मुखता मोजायला जाल आणि 'मी चांगल्या घरची आहे' हे मोजून याल. 'नाही'कारी वाक्यांचाही त्रास होतो. असहमत या बाजूला खूण करताना दुहेरी नकार होतो आणि घाईत माणूस उलटं उत्तर देतो. उलटं विधान हवंच असेल तर नकार न वापरता विरुद्धार्थी विशेषण शोधा.

चौथी अडचण, नशिबाची विधानं. रिझ्क म्हणजे देवाने नेमून दिलेलं उपजीविकेचं माप. 'जे मिळायचं ते देवाच्या हातात' याला जवळपास सगळे होकार देतील, दिवसाचे १४ तास राबणारा दुकानदारसुद्धा. आधी उंट बांध, मग देवावर भरवसा ठेव, ही शिकवण सगळ्यांच्या ओठांवर असते. तेव्हा देवावरचा भरवसा आणि हातपाय गाळणं यांची विधानं वेगळी करा. दुसऱ्या प्रकारचं विधान असं काहीसं: 'कितीही तयारी केली तरी फरक पडत नाही.'

दोघांनी स्वतंत्र भाषांतर, तिसऱ्याने मूळ न पाहता उलट भाषांतर, आणि मग १५-२० विद्यार्थ्यांना एकेक विधान मोठ्याने वाचायला लावून 'हे वाचून मनात काय आलं' हे विचारणं, एवढं तरी कराच. शेवटचा टप्पा सगळे गाळतात आणि घोटाळे नेमके तिथेच सापडतात.

---

कोष्टक

रॉटर गेला. मुजाझफाच कच्च्या भाषांतरात होता, तोही गेला!

पण इराद्याची सहा विधानं तरी तशीच ठेवता येतील ना? ती पट्टी मुळात स्पेन आणि तैवान अशा दोन वेगळ्या समाजांत तपासलेली आहे, म्हणून निवडली.

---

हिशेबनीस

ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. 'स्वतःचा व्यवसाय काढायचा माझा ठाम निश्चय आहे' याला शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सहा नाहीतर सात देतात. गुण वरच्या टोकाला चिकटले की फरक उरत नाही, आणि फरक नसेल तर स्वभावाशी संबंध कशाचा काढणार?

त्या सहांच्या खाली हो-नाहीचे प्रश्न जोडा, मुदत गेल्या २४ महिन्यांची. भांडवलाचा आकडा कागदावर मांडला का? पुरवठादाराशी भाव बोललात का? कोणाकडे पैसे मागितले का (घरचे, जमइय्या, बँक)? जमइय्या म्हणजे आपली भिशीच. बायकांच्या लहान धंद्याला भांडवल बरेचदा तिथूनच मिळतं, म्हणून ते नाव यादीत हवंच. नगरपालिकेच्या परवान्याची किंवा चेंबर ऑफ कॉमर्सच्या सदस्यत्वाची चौकशी केली का? 'कंपनी नोंदवणार का' एवढंच विचारू नका. २०२१च्या ४२ क्रमांकाच्या कायद्याने एका माणसाची कंपनी काढता येते आणि किमान भांडवलाची अटही गेली. वेस्ट बँकेत त्याआधी १९६४चा जॉर्डनचा कायदा चालत होता. तरी बहुतेक लहान धंदे कंपनीच्या फंदात पडत नाहीत. दहापैकी जवळपास नऊ आस्थापनांत पाचपेक्षा कमी माणसं असतात. घरातला भरतकामाचा किंवा खाद्यपदार्थांचा धंदा तर कुठेच नोंदलेला नसतो. नोंदणीच इरादा मानली तर मुली आपोआप 'अनुत्सुक' ठरतील. आणि वर्ग धरून नमुना घेणार असाल तर मुलीच जास्त असणार, कारण विद्यापीठांत त्यांची संख्या जास्त आहे. पुढे श्रमबाजारात मात्र स्त्रियांचा सहभाग २० टक्क्यांच्या आत.

आता मुख्य मुद्दा. इच्छा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. हेब्रॉनच्या पदवीधरापुढे धंदा सोडून काय पर्याय होते ते पाहा. इस्रायलमधलं बांधकाम: ऑक्टोबर २०२३पर्यंत दीड लाखांहून जास्त लोक तिकडे आणि वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतींत कामाला जात, मजुरी स्थानिक दराच्या जवळपास दुप्पट. मग परवाने थांबले. सरकारी नोकरी: पॅलेस्टिनी प्राधिकरण २०२१च्या अखेरीपासून पगार तुकड्यांत देत आलं आहे, कारण इस्रायल वसूल करून देतो त्या करातून कपात होते. उरलं आखात, आणि बापाचं दुकान. २०२२ साली 'सुरक्षित नोकरी हवी' म्हणणारा नेटका, सावध मुलगा २०२४ साली धंद्याचं बोलतो, यात त्याचा स्वभाव बदललेला नाही. त्याच्यासमोरची यादी छोटी झाली.

म्हणून कारण वेगळं विचारा. जागतिक उद्योजकता पाहणीत २०१९पासून चार हेतू स्वतंत्र विचारले जातात: जगात फरक घडवणं, मोठी संपत्ती, घराण्याची परंपरा, आणि नोकऱ्या दुर्मिळ म्हणून पोटासाठी. एकाच माणसाचे चारही 'हो' असू शकतात, तसंच ठेवा. माझा अंदाज असा की नव्याच्या ओढीचा संबंध पहिल्या हेतूशी चांगला दिसेल आणि चौथ्याशी जवळजवळ शून्य. दोन्ही इरादे एकत्र मिसळले तर मधला, मरगळलेला आकडा मिळतो आणि 'व्यक्तिमत्त्वाचा परिणाम कमकुवत' असं लिहून मंडळी मोकळी होतात.

जोखमीबद्दल एक भर. तिथल्या व्यापाऱ्याची रोजची जोखीम म्हणजे पुढच्या तारखेचा चेक. ग्राहक तीन-चार महिन्यांनंतरची तारीख टाकून चेक देतो, तोच पुढे पुरवठादाराला फिरवला जातो, आणि एक परत आला की साखळीच बसते. 'ओळखीच्या ग्राहकाकडून चार महिन्यांनंतरचा चेक घ्याल का? अनोळखी ग्राहकाकडून?' हे दोन प्रश्न सहा आयत्या विधानांपेक्षा जास्त सांगतील. गंमत म्हणजे ओळखीच्याला नाही म्हणता न येणं हा सौजन्याचा भाग आहे, जोखीमप्रियतेचा नाही. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा पाहिला तर जोखमीची ओढ इराद्याशी जुळते, पण धंदा चालण्याशी जुळत नाही. इथे ते का, हे या दोन प्रश्नांतून दिसू शकेल.

अवांतर: ऑनलाइन विक्रीची उदाहरणं देताना पेपॅल लिहू नका. वेस्ट बँक आणि गाझातल्या पॅलेस्टिनींना ती सेवा मिळत नाही.

---

उलटतपासणी

सगळं मान्य, पण एक आक्षेप. इतकी परिस्थिती, परिस्थिती करत गेलात तर स्वभावाला जागाच उरत नाही. नाका सगळ्यांना तोच, चेक सगळ्यांचेच परत येतात. तरी एकाच गल्लीतल्या दोन चुलतभावांपैकी एक गाळा घेतो आणि दुसरा आखातातल्या नोकरीची वाट पाहतो. हा फरक परिस्थितीने समजावता येत नाही. मूळ प्रश्न तोच होता.

उलट, जिथे अडथळे सगळ्यांना सारखे असतात तिथे स्वभावाचा वाटा जास्त स्वच्छ दिसायला हवा. चिकाटीला तिथे 'सुमूद' म्हणतात, पाय रोवून उभं राहणं. त्याला राजकीय अर्थ आहे हे खरं, पण धंद्यात तो कर्तव्यदक्षतेच्या फार जवळ जातो. तो का मोजत नाही?

---

मापनपट्टी

आक्षेप रास्त आहे, म्हणूनच तुलना गावाच्या आत करायची. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांतून त्याच्या गावाची सरासरी वजा करा, किंवा राहत्या ठिकाणाचे डमी चलांक (प्रत्येक गावासाठी १ किंवा ०चा रकाना) घाला. विद्यापीठाचं ठिकाण धरू नका, राहतं ठिकाण धरा. बीरझेतला शिकणारा क क्षेत्रातल्या (इस्रायलच्या पूर्ण नियंत्रणाखालच्या भागातल्या) खेड्यातला असू शकतो. वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग क क्षेत्र आहे आणि तिथे शेड बांधायलाही इस्रायली प्रशासनाची परवानगी लागते. त्यामुळे 'अडथळे सगळ्यांना सारखे' हे गल्लीपुरतं खरं, जिल्ह्यापुरतं नाही. अडथळ्यांचं मोजमापही ठेवा: घर ते विद्यापीठ नेहमी किती मिनिटं, आणि गेल्या महिन्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी किती. दोन आकड्यांतला फरक चांगला निर्देशक होतो आणि कोणाला तो खुपत नाही.

सुमूद मोजू नका, निदान त्या शब्दाने. त्याला नाही म्हणणारा कोणी भेटणार नाही. 'सुरू केलेलं काम तीन वेळा फसलं तरी चौथ्यांदा करून पाहतो' अशी वागण्याची विधानं घ्या.

आकड्यांचं. बिग फाइव्हचे पाचही गुण एकत्र धरले तरी इराद्याशी त्यांचा बहुसहसंबंध ०.३६च्या आसपास येतो, हा जगभरच्या अभ्यासांचा २०१०मधला गोषवारा. म्हणजे माणसामाणसांच्या इराद्यातल्या फरकाचे साधारण १३ टक्के. त्यात नव्याची ओढ आणि कर्तव्यदक्षता पुढे, सौजन्य जवळपास शून्य. एकेका गुणाचा संबंध ०.२ धरला तर साध्या सहसंबंधाला २०० माणसं पुरतात, ०.१५ला सुमारे ३५० लागतात. पण स्वभावाचा वाटा कसा पडतो हे पाहायचं तर खरा प्रश्न असा होतो की स्वभाव 'मला जमेल' या भावनेतून इराद्यापर्यंत जातो का. मधल्या दोन्ही कड्या (स्वभाव ते 'मला जमेल', आणि तिथून इरादा) लहान असतील तर बूटस्ट्रॅपने (हाती आलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून) ते पकडायला साडेचारशे ते साडेपाचशे माणसं लागतात. ३००मध्ये 'परिणाम नाही' असं निघेल आणि ते खोटं असेल. चार विद्यापीठांत मिळून ६०० धरा. मुलगे-मुली तुलना करायच्या आधी मापन दोन्हीकडे सारखं चालतं का ते तपासा. दोन्ही गटांत विधानं सारखीच चालतात अशी बंधनं वाढवल्यावर सीएफआय (प्रतिमान आकड्यांना किती बसतं याचा निर्देशांक) ०.०१पेक्षा जास्त घसरला तर सरासऱ्यांची तुलना करू नका.

एका बैठकीत सगळं नको. ज्या दिवशी मुलगा खुशीत आहे त्या दिवशी तो स्वतःला धडाडीचाही म्हणतो आणि इराद्यालाही सात देतो, आणि तुम्हाला दणदणीत सहसंबंध मिळतो. स्वभाव आधी, इरादा तीन आठवड्यांनी. ४४ विधानांऐवजी ३०ची आवृत्ती पुरते. १०ची घेऊ नका, प्रत्येक गुणाला दोनच विधानं उरतात आणि भाषांतरात त्यातलं एक हमखास बिघडतं.

दोन फेऱ्या जोडायला ओळख क्रमांक किंवा फोन मागू नका. तिथे कोणी देणार नाही, आणि देऊही नये. आईच्या नावाचं दुसरं अक्षर, जन्माचा दिवस, भावंडांची संख्या असा स्वतः तयार करायचा संकेत ठेवा. राजकीय कलाचा प्रश्न अजिबात नको. ६००ची दुसरी फेरी हवी तर पहिल्या फेरीत ८०० तरी धरा. एखाद्या गावात इस्रायली सैन्याची धाड पडली की तो आठवडा वर्ग भरत नाहीत.

गाझा. तिथला वेढा २००७पासूनचा, आणि २०२३नंतर विद्यापीठांच्या इमारतीच उद्ध्वस्त झाल्या. 'मी सहज घाबरतो', 'मी तणावात शांत राहतो' ही विधानं तिथे स्वभाव मोजणार नाहीत, काल रात्री काय झालं ते मोजतील. वेस्ट बँकेतही हा धोका आहेच, म्हणून भावनिक अस्थिरतेसोबत सात प्रश्नांची चिंता-मापनपट्टी (गेल्या दोन आठवड्यांची) जोडा आणि तिचा भाग वेगळा काढा. गाझाला मात्र ही प्रश्नावली नेऊ नका.

---

कोष्टक

मोठा धागा झाला, पण आराखडा बदलला. आता असं: पहिल्या फेरीत ८००, स्वभावाची ३० विधानं, चिंतेचे सात प्रश्न आणि नियंत्रणाची टप्प्यांवर तोडलेली विधानं. तीन आठवड्यांनी इरादा, चार हेतू, २४ महिन्यांची हो-नाही यादी आणि चेकचे दोन प्रश्न. गाझा नाही.

चेकच्या प्रश्नात ओळखीचा म्हणजे नातेवाईक की जुना ग्राहक?

---

हिशेबनीस

दोन वेगळे प्रश्न करा. चुलतभावाला नाही म्हणणं आणि पाच वर्षांच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं सारखं नाही. म्हणजे एकूण तीन: चुलतभाऊ, जुना ग्राहक, अनोळखी. रक्कम तिन्हींत तीच ठेवा, दोन हजार शेकेल, आणि तारीखही तीच.